मोळी, ट्रक आणि तीन लाख पावत्या

बारडोली म्हटले की आपल्याला 1928 चा सत्याग्रह आठवतो. तो लढासुद्धा एका अर्थी आकड्यांचाच होता. सरकारने 22 टक्के सारावाढ लादली, आणि पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी करून 6.03 टक्केच वाढ योग्य ठरविली. आज त्याच तालुक्यात कोठेही उभे राहा, नजर पोहोचेल तिथवर ऊस दिसतो. तोडणीला धुळे-नंदुरबारकडची आणि डांगमधली माणसे येतात, त्यामुळे हंगामात फडातून अहिराणी आणि मराठी कानावर पडते. आपल्या भागातील वाचकांना, मग ते मराठी विभागाचे असोत की कन्नड, उसाविषयी मी आणखी काय सांगावे!

काही वर्षांपूर्वी या परिसरातील एका कारखान्याच्या संगणकाचे थोडे काम माझ्याकडे आले होते. वजनकाट्यावर गाडी आली की पावती होते आणि ती ओरॅकलच्या तक्त्यात जाते. हंगामाअखेर अशा सुमारे तीन लाख पावत्या एका साध्या फाइलमध्ये, स्वल्पविरामांनी रकाने पाडून, काढून द्यायच्या होत्या. त्या फाइलीवरून शेतकऱ्यांच्या हप्त्याचा हिशेब व्हायचा होता. मी पस्तीसेक किलोमीटरवर सुरतेला बसलो होतो. जावा भाषेत छोटा कार्यक्रम लिहिला, चालू केला आणि चहाला गेलो. परत येऊन पाहतो तो पडद्यावर चूक : ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’. पुन्हा चालविला, पुन्हा तेच. इकडे हप्त्याची तारीख दोन दिवसांवर आलेली.

चूक सर्वस्वी माझी होती. ओरॅकलशी बोलणारा जावाचा दुवा, आपण काही सांगितले नाही तर, एका खेपेला फक्त 10 ओळी आणतो. म्हणजे तीन लाख ओळींना 30,000 खेपा. त्या जुन्या लाइनीवर एका खेपेला 50 मिलिसेकंद धरा. नुसत्या येण्याजाण्यात 1,500 सेकंद, म्हणजे 25 मिनिटे गेली. फडातून ट्रकपर्यंत एकेक मोळी नेण्याऐवजी एकेक टिपरू नेण्यासारखाच हा प्रकार!

आता ते चुकीचे कोडे पाहू. ओरॅकल आपल्याला प्रश्न विचारल्या क्षणीचे चित्र दाखवितो. मधल्या काळात कोणी ओळ बदलली, तर तिचे जुने रूप तो ‘अनडू’ नावाच्या जागेत राखून ठेवतो. पण जागा मर्यादित. जुने रूप किती वेळ राखायचे, याची मूळ नेमणूक 900 सेकंदांची असते, आणि गर्दी झाली तर तेवढीही हमी नाही. त्या दिवशी कपातीच्या नोंदी भराभर चढत होत्या. माझी वाचणी पंचवीस मिनिटांची. तिला लागणारी जुनी रूपे तोवर पुसली गेली. संथपणामुळे नुसता वेळ जातो असे मी समजत होतो. येथे कामच होत नव्हते.

एका खेपेला 1,000 ओळी आणा असे सांगितले की खेपा 300 होतात आणि येण्याजाण्याचे 15 सेकंद उरतात. एसक्यूएल प्लसमध्ये हीच गोष्ट ‘अ‍ॅरेसाइझ’ने साधते, तेथे मूळ आकडा 15 आहे, 5,000 पर्यंत नेता येतो. शिवाय ‘टर्मआउट’ बंद करावे, नाहीतर प्रत्येक ओळ पडद्यावर छापण्यात वेळ जातो. मात्र हे बंद करणे आज्ञांची फाइल चालविली तरच लागू पडते, हाताने टंकून नव्हे. यावर मी एक दुपार घालविली आहे.

तरीही मालाचे वजन उरतेच. ओळीला 100 अक्षरे धरली तर 30 मेगाबाइट. 2 मेगाबिटच्या लाइनीवर दोन मिनिटे. म्हणून फाइल तिकडे सर्व्हरवरच लिहावी, आवळावी आणि मग आणावी, हे उत्तम. मायएसक्यूएलमध्ये ‘इन्टू आउटफाइल’ आणि पोस्टग्रेसमध्ये ‘कॉपी’ हे काम एका आज्ञेत करतात. पण फाइल सर्व्हरवर पडते, आपल्या यंत्रावर नव्हे. नवखा माणूस ती आपल्याच टेबलावर शोधत बसतो. ओरॅकलचा ‘डेटा पंप’ वेगवान खरा, पण त्याची फाइल दुसरा ओरॅकलच वाचू शकतो. बँकेला ती काय कामाची?

शेवटी मी कारखान्यातच गेलो, सर्व्हरवर एसक्यूएल प्लस चालविले आणि फाइल आवळून घेतली. चहा थंड होण्याआधी काम झाले. मग तपासायला ती एक्सेलमध्ये उघडली आणि सवयीने जतन केली. खातेक्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये उडाली! तेथल्या लेखनिक काकांनी एक क्रमांक पाहूनच ओळखले, “भाऊ, आमच्या गावच्या शाखेचे खाते शून्याशिवाय सुरूच होत नाही.” फाइल पुन्हा काढली, या वेळी उघडली नाही, आणि तशीच पाठविली.