तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं तेव्हा

रेवस म्हटलं की जुन्या माणसांना 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यातला खवळलेला दर्या, बोटीवरची गर्दी, आणि बोट कलताच एका बाजूला झालेली माणसांची धावाधाव, ही त्यामागची कारणं. दिवस अवसेच्या तोंडावरचा होता, पण बोट बुडायला कुठलं भूत लागलं नाही.

अशा संकटातून जो वाचतो, त्याचं शरीर किनाऱ्याला लागतं. मन मात्र कधी कधी पाण्यातच राहतं. रात्री तेच स्वप्न पडतं, छाती धडधडते, माणूस ओरडत उठतो. 'मी वाचलो आणि माझा भाऊ का गेला?' हा प्रश्न त्याला आत खात राहतो. घरचे म्हणतात, 'ह्याला बाहेरचं लागलंय.' मग भगत, अंगारा, उतारा सुरू होतो.

'रामदास' बुडाली त्याच्या दोन वर्षं आधी, १९४५ साली, मनाच्या याच दुखण्यावर एक इंग्रजी रहस्यपट आला होता. नाव 'स्पेलबाउंड', दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. त्यातला नायक आपण कोण हेच विसरलेला असतो, आणि आपल्या हातून खून झालाय असं त्याला वाटत असतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर काट्याने ओढलेल्या रेघा दिसल्या तरी तो बिथरतो. एक महिला मनोविकारतज्ज्ञ त्याच्यावर उपचार करते आणि त्याला पडलेलं स्वप्न उलगडते. साल्वादोर दाली या नामवंत चित्रकाराने ते स्वप्न पडद्यासाठी रेखाटलं होतं. पडद्यांवर रंगवलेले मोठाले डोळे, छपरावरून पडणारा माणूस, असं सगळं त्यात दिसतं.

शेवटी उलगडा होतो. लहानपणी पायऱ्यांच्या कठड्यावरून घसरताना नायकाचा धक्का भावाला लागला होता आणि भाऊ लोखंडी गजांवर पडून मेला होता. तो अपघात होता. पण पोराच्या मनाने तो गुन्हा म्हणून धरून ठेवला. मोठेपणी डोळ्यांसमोर दुसरा मृत्यू घडला, तेव्हा तोही आपणच केला असं त्याला वाटलं. खरा खुनी वेगळाच निघतो.

यातलं खरं किती? मोठा धक्का बसलेला माणूस नसलेला दोष स्वतःच्या माथी घेतो, हे अगदी खरं. एखादी साधी खूण जुनी भीती जागी करते, हेही खरं. कुणाला पाण्याचा आवाज पुरतो, कुणाला डिझेलचा वास. पण एका स्वप्नाचा अर्थ लागला आणि माणूस लगेच बरा झाला, असं फक्त सिनेमात होतं. सिनेमाला दोन तासांत संपायचं असतं. खऱ्या उपचाराला आठवडे, महिने लागतात.

स्वप्नांचा अर्थ लावण्याची ही पद्धत व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडची. मनात दडलेली इच्छा स्वप्नात वेष बदलून येते, असं त्याने १९०० सालच्या छापाच्या आपल्या ग्रंथात मांडलं. आपल्या देशात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. पण पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तोच स्फोट रोज रात्री दिसायचा. अशी इच्छा कोण धरेल? १९२० साली फ्रॉइडला आपल्याच सिद्धान्ताचा पुन्हा विचार करावा लागला. आजचं वैद्यकशास्त्र सांगतं की अशा स्वप्नात गुपित संदेश शोधत बसू नये. धक्क्याची आठवण मनात नीट बसलेली नसते, म्हणून ती परत परत वर येते.

आपल्या मराठीतही १९७६ साली वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' आला. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांचा हा रहस्यपट आजही लोक आवडीने पाहतात. नरसूच्या भुताची दहशत आणि नायिकेच्या मनातली उलथापालथ त्यात एकत्र गुंफली आहे. सिनेमा बघताना भुताची भीती वाटली तर हरकत नाही. घरातल्या आजारी माणसाला मात्र भूत समजू नका.

मग करायचं काय?

संकटानंतर पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं पडणं साहजिक आहे. त्या माणसाला एकटं पाडू नका. 'विसरून जा' म्हणू नका, आणि सांगायची जबरदस्तीही करू नका. तो बोलेल तेव्हा ऐका. झोप यावी म्हणून दारू घेऊ देऊ नका, तिने झोप आणखी बिघडते.

महिना उलटला तरी स्वप्नं थांबत नाहीत, माणूस कामावर जात नाही, दचकतो, त्या जागेकडे फिरकत नाही, अशा वेळी डॉक्टरकडे न्या. बोलण्यातून होणारे उपचार आहेत, गरज पडल्यास औषधं आहेत. एका उपचारात माणूस दिवसा जागेपणी आपल्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहितो. बुडणाऱ्या हाताला होडी सापडते, असा. मग तो नवा शेवट रोज थोडा वेळ मनात आणतो. जाणकाराच्या मदतीने केलं तर वाईट स्वप्नं कमी होतात. जगण्यात अर्थ नाही, असं कुणी बोललं तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

१४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस' नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रेवस परिसरातल्या लोकांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क आहे. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरडी आपल्याच रायगड जिल्ह्यात कोसळल्या, २०२१ आणि २०२३ साली. वाचलेली माणसं आपल्यातच राहतात. त्यांच्यातला कुणी रात्री ओरडून उठला, तर त्याला पाणी द्या, दिवा लावा, आणि सकाळी त्याच्यासोबत दवाखान्यात जा.