सुट्टी मोठी नको, निवांत हवी

रक्तदाब औषधांनीही आटोक्यात येत नाही, झोप लागत नाही, डोके सतत जड असते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : ‘कामाशिवाय, लग्नकार्याशिवाय घराबाहेर शेवटचे कधी गेला होता?’ बहुतेक जण आठवू लागतात आणि मग हसतात. ‘डॉक्टर, फिरायला पैसा लागतो, रजा लागते,’ हे ठरलेले उत्तर. फिरणे म्हणजे आठ दिवसांची सहल, विमान किंवा रेल्वेचे आरक्षण आणि हॉटेल, असे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. ते जमत नाही म्हणून वर्षानुवर्षे काहीच होत नाही.

शरीराला मात्र इतक्या मोठ्या बेताची गरज नसते. घरापासून तास-दोन तासांवरच्या लहान गावात सकाळी जावे, नदीकाठी बसावे, चार गल्ल्या फिरून गरम जेवण करावे आणि अंधार पडायच्या आत परतावे. असा एक दिवस महिन्या-दोन महिन्यांनी मिळाला, तरी त्याचा उपयोग होतो. अट एकच : तो दिवस खरोखर निवांत हवा.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या गावात १९४८ पासून हृदयरोगाचा एक प्रसिद्ध अभ्यास सुरू आहे. त्यातील स्त्रियांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षातून दोन किंवा अधिक वेळा सुट्टी घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, सहा वर्षांतून एखादेच वेळी किंवा त्याहून कमी सुट्टी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. हृदयरोगाची जोखीम असलेल्या सुमारे बारा हजार मध्यमवयीन पुरुषांचा नऊ वर्षे पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००० मध्ये आले आणि त्यांचाही कल तसाच होता. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते.

येथे थोडे सावध राहायला हवे. ज्याला सुट्टी परवडते, त्याची प्रकृती आणि परिस्थिती मुळातच बरी असू शकते. त्यामुळे ‘सुट्टी घेतली म्हणून आयुष्य वाढले’ असे या अभ्यासांवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. मोठ्या सुट्टीने आलेली ताजेपणाची भावना कामावर परतल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरते, असे सुट्ट्यांवरील संशोधनात वारंवार दिसले आहे. आणि इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ मधील पाहणीत, आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःची प्रकृती आणि समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले. ही १२० मिनिटे एकाच वेळी घालवली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही.

म्हणजे वर्षातून एकदा पोटभर विश्रांती घेऊन ती पुरवून वापरता येत नाही. जेवणासारखी तीही थोडी थोडी, पण नियमित घ्यावी लागते.

लहान गावच का?

शहरात आपले मज्जासंस्थेचे ‘सावधान’ बटण दिवसभर दाबलेले असते. हॉर्न, सिग्नल, फोनची घंटा, मागून येणारी दुचाकी या प्रत्येकाकडे मेंदूला लक्ष द्यावे लागते. नाडी आणि रक्तदाब थोडे चढेच राहतात, खांदे आणि मान आवळलेली राहते. झाडे, वाहते पाणी, मोकळे आकाश यांकडे बघताना लक्ष ताणावे लागत नाही. मेंदूला उसंत मिळते, ती अशा वेळी.

लहान गावाचा आणखी एक फायदा म्हणजे ते पायी फिरून होते. घाट, देऊळ, बाजारपेठ, जुना वाडा सगळे हाकेच्या अंतरावर. ‘व्यायाम करतोय’ असे न वाटता चार-पाच हजार पावले होऊन जातात. दमलात तर पारावर किंवा घाटाच्या पायरीवर बसता येते आणि कोणी उठवत नाही.

पुण्याच्या वाचकांसाठी सर्वांत सोपे उदाहरण सासवडचे. दिवे घाट ओलांडला की तासाभरात गाव येते. संत सोपानदेवांची समाधी इथे आहे, आषाढी वारीत माउलींची पालखी इथे मुक्काम करते. वारीचे दिवस सोडले, तर कऱ्हाकाठचे संगमेश्वराचे दगडी मंदिर आणि थोडे पुढचे चांगावटेश्वर इथे तास-दोन तास शांतपणे बसता येते. पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे प्रसिद्ध आहेत. हंगामात जाणाऱ्या मधुमेही मंडळींनी एक-दोन ताजी अंजिरे किंवा एखादे लहान सीताफळ जरूर खावे. मात्र पाटी गाडीत घेऊन वाटेत एकेक संपवत येऊ नये!

थोडे लांब जायचे असेल तर वाई. पुण्याहून दोन-अडीच तास, साताऱ्याहून तासभर. कृष्णेच्या काठाने ओळीने घाट आहेत. गणपती आळीच्या घाटावर १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. पुराचे पाणी दुभंगावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावातून चालवले. तीनेक किलोमीटरवर मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा देखणा घाट आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा आहे. वाईचा घाट आणि मेणवली, एवढेच त्या दिवसाला पुरेसे आहे.

इतर वाचकांनी आपापल्या जवळचे गाव शोधावे. कोल्हापूरकरांना पन्हाळा, संभाजीनगरकरांना पैठण, नागपूरकरांना रामटेक जवळ आहे. यादीत नाव नसलेले, मामाच्या गावासारखे एखादे साधे गावही चालते.

दिवस बिघडतो कसा?

वाईला निघालेला माणूस ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ म्हणून पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड असे सगळे एका दिवसात उरकतो. रात्री अकराला घरी पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी अंगदुखी घेऊन कामावर जातो. शहरातली घाईच तो गाडीत घालून फिरवून आणतो.

त्यासाठी तीन साधे नियम आहेत. एक, एका दिवसात एकच गाव. दोन, निघण्याआधी पुरेशी झोप. रात्री चार तास झोपून पहाटे गाडी हाकणे हे दारू पिऊन गाडी चालवण्याइतकेच घातक ठरू शकते. दुपारच्या जेवणानंतर दोन ते चार या वेळेत डुलकी येतेच, तेव्हा ती घाटावर किंवा देवळाच्या ओवरीत काढावी, स्टिअरिंगवर नव्हे. तीन, घरच्या बाईने पहाटे चारला उठून वीस माणसांच्या पुऱ्या लाटायच्या नाहीत. सहल सगळ्यांची आणि स्वयंपाक एकीचा, असे झाले तर तिच्या वाट्याला विश्रांती नव्हे, जास्तीचे काम येते. गावातल्या खाणावळीत गरम पिठले-भाकरी मिळते. उघड्यावरची कापलेली फळे आणि बर्फ तेवढा टाळावा.

औषधे आणि आजार सांभाळताना

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे म्हणून घरी बसण्याचे कारण नाही, मात्र तयारी हवी.

● मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबवू नका. घाम, थरथर, छातीत धडधड जाणवली तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका.

● हृदयरुग्णांनी जिभेखाली ठेवायची गोळी गाडीच्या डिकीतल्या पिशवीत नव्हे, स्वतःच्या खिशात ठेवावी. अलीकडे थोडे चालल्यावर छाती भरून येत असेल, तर आधी तपासणी, मग सहल.

● लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी अनेक जण परस्पर बंद करतात. तसे करू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

● घाटात मळमळत असेल तर पुढच्या आसनावर बसा, लांबवर नजर ठेवा, मोबाइल पाहू नका. डोळे ‘स्थिर आहे’ म्हणतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘हलते आहे’ म्हणते, त्या गोंधळातून मळमळ होते. उलटीच्या गोळीने गुंगी येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

● शेवाळलेल्या घाटावर पाय घसरतो, आणि शांत दिसणाऱ्या डोहाचा अंदाज येत नाही. पोहता येत असले तरी अनोळखी पाण्यात उतरू नका, मुलांना एकटे सोडू नका.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने असंख्य स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि तासन्‌तास लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, मधुमेह असेल तर तो अधिक त्रास देतो. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहा आणि मगच जेवणाचे ठिकाण ठरवा. पुरुषांनी ‘आता थेट घरीच थांबू’ असे म्हणण्यापूर्वी सोबतच्या बायकांना विचारावे.

जी मागे राहते, तिचे काय?

विश्रांतीची सर्वाधिक गरज असलेली व्यक्ती अनेकदा घरीच राहते. अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांना तपासणीला आणणाऱ्या एका बाईंचा रक्तदाब मी सहज मोजला, तर तो सासऱ्यांपेक्षा जास्त निघाला. साडेतीन वर्षांत त्या एकही दिवस घर सोडून गेल्या नव्हत्या. ‘यांना कोण बघणार?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या वॉर्डात परिचारिका आठ तासांनी पाळी बदलते. घरातल्या सुनेची किंवा लेकीची पाळी मात्र कधीच बदलत नाही. सततच्या शुश्रूषेने नैराश्य, निद्रानाश, पाठदुखी आणि उच्च रक्तदाब येतो, आणि ती आजारी पडली की घरात दोन रुग्ण होतात.

यावर उपाय वॉर्डासारखाच आहे, पाळी ठरवून देण्याचा. नणंद, दीर, भाऊ, शेजारी यांपैकी कोणीतरी महिन्यातला एक दिवस घ्यावा. औषधांच्या वेळा, जेवणाचे प्रमाण, कूस बदलण्याच्या वेळा आणि डॉक्टरांचा फोन एका कागदावर लिहून भिंतीला लावावा. आदल्या दिवशी तासभर सोबत बसून काम दाखवावे. मग तिला निघू द्यावे, आणि दर अर्ध्या तासाने फोन करून ‘डबा कुठे ठेवलाय?’ विचारू नये.

खर्चाचीही अडचण आता थोडी कमी झाली आहे. राज्याच्या एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या तिकिटाची सवलत सुरू झाली. आई आणि लेक, दोन मैत्रिणी किंवा दोघी जावा मिळून अशा एका दिवसासाठी सहज निघू शकतात.

कॅलेंडरवर आपण गॅस सिलिंडरची, दुधाची, तपासणीची तारीख लिहितो. त्याच पानावर पुढच्या महिन्यातला एक रविवार निवडून त्यावर जवळच्या गावाचे नाव लिहा. आणि त्याखाली, त्या दिवशी घरचे कोण सांभाळणार, त्या माणसाचेही नाव लिहा.