बिडी ओढणाऱ्याच्या पायाचा अंगठा काळा का पडतो?

सातारा-सांगलीकडं उसाच्या फडात, एसटी स्टँडवर अजूनही खिशातून बिडीचं बंडल निघतं. तंबाखूची निपाणीही इथून फार लांब नाही. खोकल्याबद्दल सगळे बोलतात, पायाबद्दल कुणीच नाही.

बर्जर नावाच्या आजारात हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात. तो जवळपास फक्त तंबाखूवाल्यांनाच होतो, तोही बहुधा पंचेचाळिशीच्या आत. आधी चालताना पाय भरून येतो. मग बोट गार पडतं, काळंनिळं होतं, जखम भरत नाही आणि शेवटी ते कापावं लागतं. ऐन कमावत्या वयात!

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, म्हणजे हृदयाचीही उपासमार. आणि बिडी सौम्य असते, हा समज साफ खोटा. ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात.

बर्जरमध्ये तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा उपचार. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोकाही निम्म्यावर येतो. घरात कुणी ओढत असेल, तर सरकारी मोफत क्रमांक आजच लिहून द्या: १८००-११-२३५६.