विकिपीडियाचा भार वाहणारी यंत्रे

विकिपीडियाचे पान दिसायला साधे असते: मजकूर, दोन-चार चित्रे, खाली संदर्भ. ते वाचकापुढे येण्याआधी मात्र सर्व्हरला बरेच काम उरकावे लागते. डेटाबेसमधून मूळ मजकूर काढायचा, त्यातले साचे (अनेक लेखांत वापरायचे तयार तुकडे) उलगडायचे, प्रत्येक दुव्यामागे पान आहे की नाही हे पाहून तो निळा किंवा लाल करायचा आणि मग सगळे जुळवून ब्राउझरला समजेल असे पान रचायचे. लांबलचक लेखाला यासाठी काही सेकंदही लागतात. जगातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एक असलेले हे स्थळ देणग्यांवर चालते. त्यामुळे मोठ्या यंत्रांपेक्षा काटकसरीची रचनाच त्याच्या अधिक उपयोगी पडली आहे. वाचन कधी थांबू नये, बाकीची कामे वेळप्रसंगी थांबली तरी चालतील, हा त्या रचनेचा पाया आहे.

एका यंत्रावरची सुरुवात

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तो ‘बोमिस’ या कंपनीच्या सर्व्हरवर होता. ‘यूजमॉडविकी’ हे पर्ल भाषेतले छोटे सॉफ्टवेअर प्रत्येक लेख साध्या फाइलमध्ये ठेवत असे. लेख हजारोंच्या घरात गेल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपी भाषेत नवे सॉफ्टवेअर लिहिले आणि मजकूर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये नेला. २५ जानेवारी २००२ पासून इंग्रजी विकिपीडिया त्यावर चालू लागला. सोयी वाढल्या, तसे प्रत्येक पानामागचे कामही वाढले आणि स्थळ पुन्हा मंदावले. मग ली डॅनियल क्रॉकर यांनी सॉफ्टवेअर नव्याने लिहिले. जुलै २००२ मध्ये ते लागू झाले आणि पुढे ‘मीडियाविकी’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो याच दाटीच्या दिवसांत. सगळ्या भाषांचा भार तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच यंत्रांवर होता. डेटाबेसला दमवणाऱ्या याद्या, उदाहरणार्थ कुठूनही दुवा नसलेल्या पानांची यादी, गर्दीच्या वेळी बंद ठेवल्या जात. पुढे अशा याद्या ठरावीक काळाने एकदाच तयार करून साठवण्याची पद्धत पडली. डिसेंबर २००३ च्या अखेरीस सर्व्हरच्या बिघाडाने स्थळ रडतखडत चालू लागले, तेव्हा २०,००० डॉलरसाठी वाचकांना आवाहन करण्यात आले. थोड्याच दिवसांत त्याहून अधिक रक्कम जमली. २००४ च्या सुरुवातीला नवे सर्व्हर फ्लोरिडातील टँपा येथे बसवले गेले.

तयार पानांची साठवण

यंत्रे वाढली, पण खरा आधार मिळाला एका निरीक्षणाचा. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांच्या मानाने वाचणारे कितीतरी पट अधिक असतात आणि त्यांतले बहुतेक खाते उघडून आत आलेले नसतात. त्या सगळ्यांना नेमके एकच पान दिसते. मग ते प्रत्येकासाठी नव्याने का रचावे? २००४ मध्ये ‘स्क्विड’ हे सॉफ्टवेअर चालवणारे सर्व्हर पुढच्या रांगेत उभे केले गेले. एकदा रचलेले पान ते जपून ठेवतात आणि मागणाऱ्याला तेच देतात. अशा साठवणीला कॅश म्हणतात. बहुसंख्य मागण्या इथेच भागतात, मागच्या यंत्रांपर्यंत जातच नाहीत. स्क्विडची जागा पुढे ‘वार्निश’ने घेतली आणि नंतर त्याच्या कामाचा काही भाग ‘अपाची ट्रॅफिक सर्व्हर’कडे गेला, पण तत्त्व तेच राहिले.

अवघड असते ते शिळे पान काढून टाकणे. लेखात बदल झाला की सगळ्या कॅश सर्व्हरांना ती प्रत टाकून देण्याचा निरोप जातो. हजारो लेखांत वापरलेला साचा बदलला, तर तेवढी पाने शिळी होतात. ती एकदम रचायला घेतली तर सर्व्हर कोलमडतील. म्हणून असे काम रांगेत लावले जाते आणि सवडीने उरकले जाते.

या व्यवस्थेतली उणीव २५ जून २००९ रोजी दिसली. मायकल जॅक्सन यांच्या निधनाची बातमी पसरताच वाचक एकाच लेखावर लोटले. त्याच वेळी त्या लेखात सतत बदल होत होते, त्यामुळे साठवलेली प्रत पुन्हा पुन्हा बाद होत होती. प्रत नाही म्हणून अनेक सर्व्हर एकाच वेळी तेच लांब पान रचत बसले आणि इतर पानांसाठी कोणी मोकळे उरले नाही. त्यानंतर ‘पूलकाउंटर’ नावाची व्यवस्था आली. एक पान रचण्याचे काम मोजक्याच यंत्रांना दिले जाते. बाकीची थांबतात, किंवा थोडी जुनी प्रत देऊन वाचकाला वाटेला लावतात.

मूळ मजकूर आणि त्याच्या प्रती

डेटाबेसमध्येही वाचन आणि लेखन वेगळे केलेले आहे. प्रत्येक गटात एक मुख्य सर्व्हर असतो. नवे संपादन तिथेच नोंदले जाते आणि तिथून ते प्रतींच्या सर्व्हरांकडे जाते. वाचनाची कामे या प्रती करतात. इंग्रजी विकिपीडियाला स्वतंत्र गट आहे, तर शेकडो लहान विकी एकाच गटात नांदतात. प्रती फार मागे पडल्या, तर सॉफ्टवेअर संपादन काही काळ रोखते. पण वाचन चालूच राहते.

फेब्रुवारी २००५ मध्ये टँपाच्या केंद्रात विजेचे ब्रेकर पडले आणि सगळे सर्व्हर एकदम बंद झाले. वीज परत आली, तरी अनेक डेटाबेस बिघडलेले निघाले. ‘लिहून झाले’ असे डिस्कने सांगितलेले काही तपशील प्रत्यक्षात डिस्कवर उतरलेच नव्हते. एका जागी कितीही प्रती ठेवल्या, तरी ती जागाच अंधारात गेली की सगळ्याच प्रती एकदम धोक्यात येतात, हे त्या दिवशी कळले.

दुसरी जागा, आणि तिचा सराव

२००५ मध्ये ॲमस्टरडॅमला कॅश सर्व्हर बसले. ‘याहू’ने सेऊलमध्ये २३ सर्व्हर दिले. पण दुसरी जागा असणे आणि ती वेळेवर उपयोगी पडणे यांत अंतर असते. २४ मार्च २०१० रोजी युरोपातील केंद्र तापून सर्व्हर बंद पडले. वाचकांना फ्लोरिडाकडे वळवताना ती वळवण्याची यंत्रणाच सदोष निघाली, आणि एका खंडापुरती असलेली अडचण जगभर पसरली. ६ ऑगस्ट २०१२ रोजी टँपा आणि व्हर्जिनियातील ॲशबर्न येथील केंद्रांमधली फायबर केबल तुटली आणि विकिपीडिया सुमारे तासभर विस्कळीत झाला. जानेवारी २०१३ मध्ये मुख्य कारभार ॲशबर्नला हलला. पुढे टेक्सासमध्ये तोडीस तोड दुसरे केंद्र उभे राहिले.

एप्रिल २०१६ मध्ये सगळा कारभार मुद्दाम टेक्सासला नेऊन पाहिला गेला. तेव्हा संपादन पाऊण तासाच्या आसपास बंद ठेवावे लागले. आता ही अदलाबदल वर्षातून दोनदा होते आणि संपादन जेमतेम काही मिनिटे थांबते. आणीबाणीत करायचे काम शांततेच्या दिवशी करून पाहण्याची ही शिस्त कोणत्याही महागड्या यंत्राहून मोलाची आहे.

भारतातील वाचकांना जाणवणारा बदल २०१८ मध्ये झाला. त्या वर्षी सिंगापूरला कॅश केंद्र सुरू झाले. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबईहून ॲशबर्नपर्यंत जाऊन येण्यास सरळ रेषेतही सुमारे १३० मिलिसेकंद लागतात, तर सिंगापूरसाठी सुमारे ४०. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे हा फरक वाचकाला जाणवतो.

यंत्रांची गर्दी

नवा ताण माणसांचा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी मजकूर व चित्रे गोळा करणारे बॉट दुर्मीळ पानेही ओळीने उपसतात. माणसे बहुधा तीच ती लोकप्रिय पाने वाचतात, म्हणून कॅश उपयोगी पडते. बॉटना हवी असलेली पाने कॅशमध्ये नसतात आणि मागणी थेट मुख्य केंद्रापर्यंत जाते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, चित्रे व ध्वनी-चित्रफितींसाठी लागणारी बँडविड्थ जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली होती आणि सर्वांत खर्चिक मागण्यांपैकी ६५ टक्के बॉटकडून येत होत्या. त्यावरचा उपाय म्हणजे बॉटच्या वेगावर मर्यादा घालणे आणि मोठ्या वापरासाठी मजकूर वेगळ्या मार्गाने एकगठ्ठा देणे.

या सगळ्या घडामोडींचे अहवाल, सर्व्हरची मांडणी आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले आहे. काय बिघडले, का बिघडले आणि पुढे काय बदलले, हे कोणालाही वाचता येते. वाढत्या लोकसमूहाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कोणाही माणसाला या नोंदी आजही बरेच काही शिकवतात.