वर्ग मोबाईलवर आला, वॉर्ड कसा येणार? महामारीत नर्सिंग कॉलेज कसे चालले

2020 च्या मार्चमध्ये आम्ही शाळेला कुलूप लावून घरी आलो. पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली, दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, आणि जूनपासून व्हॉट्सॲपवर जमेल तसे धडे सुरू झाले. नुकसान झाले, ते अजूनही भरून काढतोय. पण एक गोष्ट खरी, शाळा बंद ठेवता आली.

लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या अब्बांचा फोन आला. मुलगी शेजारच्या जिल्ह्यात जीएनएमच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर. "सर, घर ले आऊँ या वहीं रहने दूँ?" आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, घेऊन या. पुढच्या वर्षा-दीड वर्षात तिच्याशी, तिच्या मैत्रिणींशी आणि तिथल्या एका शिकवणाऱ्या सिस्टरशी वेळोवेळी बोलणे होत गेले, तेव्हा लक्षात आले की प्रश्न आम्हाला वाटला तेवढा सोपा नव्हता. आपल्या समाजातल्या बऱ्याच मुली आता नर्सिंगला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जातात. म्हणून जे समजले ते इथे मांडतो आहोत.

नर्सिंग कॉलेजचे आवार म्हणजे फक्त इमारत, बाक आणि फळा नाही. त्याचा अर्धा भाग हॉस्पिटलात असतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. हा दुसरा आकडा नीट पाहा. रुग्ण नसेल तर शिक्षण नाही. पुस्तकात प्रसूतीच्या अवस्था पाठ करता येतात, पण बाळ हातात घेण्याची सवय पुस्तक देत नाही. जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी, सलाईन लावणे, रुग्णाला कूस बदलून देणे, रडणाऱ्या नातेवाइकाशी बोलणे, हे सगळे हाताने आणि डोळ्यांनी शिकायचे काम.

महामारीने नेमका हाच भाग मोडला. लोक समजतात की मुलींना लागण होईल म्हणून कॉलेजे अडली. ते होतेच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. हॉस्पिटले कोविडसाठी राखीव झाली, ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या, ओपीडी ओस पडल्या. जिथे मुलींनी हर्निया, मधुमेहाची जखम, बाळंतपण, लहान मुलांचा न्यूमोनिया असे सगळे पाहायचे, तिथे एकच आजार उरला, आणि त्या वॉर्डात पहिल्या वर्षाच्या मुलीला पाठवणे कुणालाच पटणारे नव्हते. म्हणजे मुली होस्टेलवर राहिल्या असत्या तरी शिकायला समोर काही नव्हते, आणि घरी गेल्या तरी नव्हते.

इतर देशांनाही हा पेच पडला होता. अमेरिकेत 17 मार्च 2020 ला तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या पोस्टिंग थांबवण्याची शिफारस केली. कारण लागणीच्या भीतीबरोबर हेही होते की मास्क आणि गाऊन कमी पडत होते, ते आधी कामावरच्या माणसांना मिळायला हवे होते. त्याच महिन्यात इटलीने उलटे केले. पदवीनंतरची परवाना परीक्षाच रद्द करून सुमारे 10,000 नवे डॉक्टर लवकर सेवेत घेण्याचा निर्णय घेतला. एकाने विद्यार्थी बाहेर काढले, दुसऱ्याने आत ओढले. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच म्हणावे लागेल. शिकणे संपत आलेला हात मदतीचा असतो, नुकता शिकू लागलेला हात गर्दी वाढवतो. कॉलेजला हा फरक वर्षाप्रमाणे करावा लागतो. सगळ्यांना एकच नियम लावला की गोंधळ होतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या कॉलेजात काय झाले ते आता पाहू. सुरुवातीला त्यांनी आमच्यासारखेच केले, सगळे मोबाईलवर. शरीररचना, पोषण, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय चालले. सकाळचे वर्ग मात्र पहिल्याच आठवड्यात फसले. घरात फोन एक, तोही अब्बांबरोबर कामावर. मग शिक्षिकांनी थेट वर्ग कमी केले, दहा-बारा मिनिटांच्या आवाजी फिती आणि पानांचे फोटो पाठवायला सुरुवात केली आणि शंकांसाठी रात्री साडेआठनंतरची वेळ ठेवली. काही विशेष नाही, साधीच गोष्ट. पण यामुळे गळालेल्या सात-आठ मुली परत आल्या, असे ती सांगते.

मग आला हाताचा प्रश्न. उशीला ओढणी बांधून बँडेज शिकवले, भावाची नाडी मोजून तक्ते भरून घेतले. रक्तदाब मोजायचे यंत्र गावात एका दवाखान्यातच. तिथल्या डॉक्टरांनी दर शुक्रवारी दुपारी तिला बसू दिले. सगळ्यांच्या नशिबी असा डॉक्टर नव्हता.

केंद्राने राज्यांना 1 डिसेंबर 2020 पर्यंत वैद्यकीय महाविद्यालये उघडायला सांगितले. हे कॉलेजही त्यानंतर टप्प्याटप्प्याने उघडले, आधी शेवटचे वर्ष. खरी कसरत इथून पुढची, आणि आम्हाला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली तीही हीच.

साठ मुलींचा एक वर्ग. पहिला विचार कुणालाही सुचेल तो, बाकावर एक-एक बसवा. त्या सिस्टरांनी आम्हाला फोनवर जे सांगितले ते ऐकून आम्ही शाळेच्या नियोजनाची वही पुन्हा उघडली. "वर्गात मास्क असतो सर. धोका जेवणात आहे, बाथरूमच्या रांगेत आहे, रात्री केस विंचरताना आहे." जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या व्याख्येत जवळचा संपर्क म्हणजे एक मीटरच्या आत किमान पंधरा मिनिटे. मेसच्या टेबलावर मास्क उतरवून मुली तेवढा वेळ सहज बसतात. म्हणून त्यांनी वर्ग वाटण्याआधी होस्टेल वाटले. पंधरा-पंधराचे चार गट. एका गटाच्या खोल्या शेजारी, बाथरूम तेच, मेसची वेळ तीच, स्किल लॅबची वेळ तीच आणि वॉर्डची ड्युटीही एकत्र. दुसऱ्या गटाशी भेट फक्त अंगणात, मास्क लावून.

याचा हिशेब सोपा आहे. सगळ्या जणी एकत्र जेवत असतील तर एकीला ताप आला की साठही जणी चौदा दिवस खोलीत. गट असतील तर पंधरा जणी खोलीत, पंचेचाळीस जणींचे शिक्षण चालू. जानेवारीत तसेच झाले. एका गटात दोन मुली पॉझिटिव्ह निघाल्या, बाकीचे तीन गट चालू राहिले. वर्गात गट आणि मेसमध्ये सगळे एकत्र, असे केले असते तर सारे कागदावरच राहिले असते.

होस्टेलच्या टोकाच्या दोन खोल्या आजारी मुलींसाठी रिकाम्या ठेवल्या, वेगळ्या बाथरूमसह. ताट दाराबाहेर ठेवायचे, मावशींनी आत जायचे नाही. 2021 मध्ये रमजान 14 एप्रिलला सुरू झाला, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या ऐन तडाख्यात. एरवी रोजा धरणाऱ्या सगळ्या मुली सहरीला एका टेबलावर बसतात. त्या वर्षी रेक्टरबाईंनी सहरीचे डबे रात्रीच गटागटाने खोल्यांत पोहोचवले. इफ्तारही आपापल्या गटात. मुली नाराज झाल्या, पण ऐकले.

पीपीई किट घालणे-काढणे हा तर वेगळाच धडा. घालताना माणूस जपून घालतो. दोन-तीन तास घामाने भिजल्यावर, पाणी न पिता, लघवीला न जाता बाहेर आल्यावर काढताना घाई होते, आणि लागणीचा धोका त्या घाईत असतो. मास्क शेवटी काढायचा, मधल्या प्रत्येक पायरीला हात सॅनिटाइझ करायचे. हे तोंडी सांगून कळत नाही. म्हणून सिस्टरांनी मुलींच्या हातमोज्यांना आणि गाऊनच्या पुढच्या भागाला लाल रंग लावला आणि किट उतरवायला सांगितले. आमच्या विद्यार्थिनीच्या गालावर आणि कानामागे रंग निघाला. तिला वाटले होते आपण सगळे बरोबर केले. चौथ्यांदा केले तेव्हा चेहरा स्वच्छ निघाला, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाही हे जमल्याशिवाय कोविड वॉर्डात सोडले नाही.

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झाले. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पहिल्या गटात वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थीही धरले गेले. त्या काळात लशीबद्दल आपल्या मोहल्ल्यांत काय काय बोलले जात होते, ते वाचकांना आठवत असेल. मुलीने स्वतः लस घेतली आणि मग अम्मी-अब्बांना समजावले, असे आम्ही दोन-तीन घरांत पाहिले.

आता स्किल लॅबविषयी. वॉर्ड अर्धे बंद असल्याने डमीवर भर वाढला. डमी उपयोगाची आहे, वाद नाही. एकच गोष्ट वीस वेळा करता येते, चूक झाली तर कुणाला दुखत नाही. पण डमीची नस पळत नाही. वयस्कर, पाणी कमी झालेल्या रुग्णाची नस बोटाखाली सापडते आणि सुई टेकली की सरकते. डमी हात मागे ओढत नाही, आई गं म्हणत नाही. सिस्टरांचे मत असे की डमीवर हात बसतो, पण जिवंत माणसासमोर तो थरथरायचा थांबत नाही, तो तिथेच थांबतो.

आणि इथे एक गोष्ट झाली जी आम्हाला अजून खटकते. नर्सिंगच्या मुलींना केस बुक भरावी लागते. इतक्या प्रसूती पाहिल्या, इतक्या केल्या, इतकी ड्रेसिंग केली, त्यावर सह्या. वॉर्डात केस नव्हत्या आणि परीक्षा मात्र जवळ आली. एका कॉलेजात, कोणते ते सांगणार नाही, जुन्या बॅचच्या वह्या समोर ठेवून नव्या वह्या भरून घेतल्या. सह्याही झाल्या. आम्ही स्वतः शिक्षक आहोत, वर्षअखेरीचा दबाव आम्हाला कळतो. आमच्याकडेही न झालेल्या प्रयोगांच्या वह्या तपासल्या जातात, हे कबूल करायला हवे. फरक इतकाच की आमच्या न झालेल्या प्रयोगाने कुणाचा जीव जात नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या कॉलेजने वह्या रिकाम्या ठेवल्या. पालक भांडायला आले, मुली रडल्या. 2021 च्या पावसाळ्यानंतर साधे वॉर्ड भरू लागले, तेव्हा रविवार आणि संध्याकाळच्या जादा ड्युट्या लावून तास भरून काढले. दिवाळीची सुट्टी चार दिवसांची केली. प्रसूतीगृहाचा अनुभव जवळच्या ग्रामीण रुग्णालयात तीन-तीन मुली पाठवून दिला. वेळ लागला, आणि हे सगळे करूनही मुलांच्या वॉर्डचे तास कमीच राहिले, असे ती म्हणते.

दुसरी खटकणारी बाब कामाची. 3 मे 2021 ला केंद्र सरकारने जाहीर केले की एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली फोनवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी वापरता येतील, आणि बीएस्सी किंवा जीएनएम झालेल्या नर्सेसना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देता येईल. शंभर दिवस ड्युटी केलेल्यांना पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचेही सांगितले. आदेशात "झालेल्या" आणि "देखरेखीखाली" हे दोन शब्द आहेत. काही ठिकाणी शिकणाऱ्या मुलींनाच रात्रपाळीला एकटे ठेवले गेले, लेखी आदेशाविना. मनुष्यबळ नव्हते हे खरे. पण लेखी ड्युटी नसेल तर मुलगी आजारी पडल्यावर ती कामावर होती हे सिद्ध कशाने करायचे? शंभर दिवस तरी कशाने मोजायचे?

त्या मुलीच्या अब्बांना आम्ही दिलेला सल्ला बरोबर होता की चूक, हे आजही ठरवता येत नाही. पहिल्या वर्षासाठी तेव्हा बरोबर होता. शेवटच्या वर्षाला असती तर तिनेच विचारायला हवे होते आणि तिनेच ठरवायला.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी मुलीला घेऊन नर्सिंग कॉलेज पाहायला जाल तेव्हा फी आणि निकालाबरोबर काही गोष्टी जरूर विचारा. कोणत्या हॉस्पिटलात ड्युटी लागते, तिथे खरोखर रुग्ण असतात का, मागच्या बॅचची एखादी केस बुक दाखवता का? होस्टेलमध्ये आजारी मुलीसाठी वेगळी खोली आहे का? गेल्या महिन्यात आम्ही एका मुलीबरोबर गेलो होतो, तेव्हा ती खोली दाखवली गेली. दारावर पाटी अजून आहे. आत जुन्या गाद्या आणि तुटके पंखे ठेवले होते.