निसर्गोद्यान आणि स्वयंसेवक : लंडनच्या अनुभवाच्या आधारे

निसर्गरक्षणासाठी पुढे येणाऱ्या स्वयंसेवकाचे जे चित्र भारतात रूढ आहे, त्यात त्याच्या हाती बहुधा एखादे रोप असते. १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सवाला प्रारंभ केला आणि तेव्हापासून झाड लावणे म्हणजेच निसर्गाची सेवा, हे समीकरण लोकमानसात दृढ झाले. इंग्लंडमध्ये या कार्याचा आरंभ नेमका उलट्या कृतीने झाला. १९५९ मध्ये ‘कौन्सिल फॉर नेचर’ या संस्थेने ‘कॉन्झर्वेशन कोअर’ नावाचे स्वयंसेवक दल उभे केले. त्याचे पहिले पथक सरे परगण्यातील बॉक्स हिल या टेकडीवर गेले. त्यात ४२ स्वयंसेवक होते, आणि त्यांना दिलेले काम झाडे लावण्याचे नसून झुडपे तोडण्याचे होते.

या विरोधाभासाचा उलगडा झाल्याखेरीज नागरी निसर्गोद्यानांमध्ये स्वयंसेवकांना एवढे महत्त्व का आले, हे नीट समजत नाही. बॉक्स हिलची जमीन खडूच्या दगडाची. तिच्या उतारांवरील आखूड गवतात ऑर्किडांसारख्या अनेक दुर्मिळ वनस्पती आणि त्यांच्यावर उपजीविका करणारी फुलपाखरे वाढत. परंतु हे कुरण ‘नैसर्गिक’ होते, ते शेकडो वर्षे मेंढ्या आणि ससे तेथे चरत आले म्हणून. मेंढ्यांचे कळप कमी झाले. पुढे १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग ब्रिटनमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत देशातील बहुसंख्य ससे मेले. चरणारे तोंडच नाहीसे झाल्यावर डॉगवुडची झुडपे गवतावर चढू लागली. सशाच्या दातांनी जे काम फुकट होत होते, ते आता माणसाच्या हातांनी करावे लागणार होते. आणि त्या कामासाठी पगारी मजूर पुरविण्याइतका पैसा कोणाजवळही नव्हता.

वनस्पतिशास्त्रात ज्याला अनुक्रमण म्हणतात, ती हीच क्रिया. मोकळ्या जमिनीवर गवत, गवतावर झुडूप, झुडपावर वृक्ष, अशा पायऱ्यांनी भूमीचे रूप पालटत जाते. प्रत्येक पायरीवरील जीवसृष्टी वेगळी असते. विस्तीर्ण प्रदेशात एका ठिकाणचे कुरण बुजले तरी दुसरीकडे नवे निर्माण होते. दोन-चार एकरांच्या शहरी उद्यानात ही सोय नसते. तेथील तळे गाळाने आणि वाळुंजाच्या मुळांनी भरून आले, तर जवळपास दुसरे तळे नाही. तेथील बेडूक जायचे कोठे? म्हणून लहान निसर्गोद्यान ‘जसेच्या तसे’ राखणे याचा अर्थ त्याला हात न लावणे असा होत नाही. उलट, काही भाग मुद्दाम आधीच्या पायरीवर थोपवून धरणे, गवत कापून ते तेथून उचलून नेणे (कारण ते तेथेच कुजले तर माती सकस होऊन रानफुलांऐवजी खाजकुयलीसारखे दांडगे तण माजते), पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळून काटेरी जाळी छाटणे, अशी कामे वर्षानुवर्षे करीत राहावे लागते. ती यंत्राने होण्याजोगी नसतात. कोणते रोप ठेवावयाचे व कोणते काढावयाचे, हे पाहणाऱ्या डोळ्यांची त्यांना गरज असते.

लंडन शहरात या कल्पनेचा पहिला धीट प्रयोग १९७७ मध्ये टॉवर ब्रिजजवळ झाला. मालमोटारी उभ्या करण्याच्या सुमारे दोन एकरांच्या ओसाड जागेवर माती पसरून ‘विल्यम कर्टिस इकॉलॉजिकल पार्क’ उभारण्यात आले. लंडनच्या परिसरात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचे सचित्र वर्णन १७७७ पासून प्रसिद्ध करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिस याचे नाव त्याला दिले गेले, हे औचित्यपूर्णच होते. निसर्गतज्ज्ञ मॅक्स निकल्सन हे या उपक्रमामागील प्रमुख प्रेरक होते. तळे, गवताळ तुकडा, लहानशी झाडी असे निरनिराळे अधिवास तेथे निर्माण झाले आणि शाळांतील मुलांचे वर्ग तेथे भरू लागले. (कचराभूमीवर वन उभे राहू शकते, याचा भारतीय दाखला मुंबईत माहीम-धारावीच्या सीमेवर १९९४ मध्ये खुल्या झालेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाने दिला आहे.) परंतु लंडनच्या या उद्यानाची भूमी केवळ तात्पुरत्या मुदतीने मिळालेली होती. १९८५ मध्ये ती मालकांना परत करावी लागली आणि उद्यान नाहीसे झाले. त्याच संस्थेने पुढे रॉदरहाइथच्या बुजविलेल्या गोदीवर स्टेव्ह हिल येथे नवे उद्यान वाढविले, ही गोष्ट खरी. तथापि आठ वर्षांच्या श्रमांना भूमीवरील कोणताही हक्क लाभला नाही, हेही तितकेच खरे.

याच सुमारास पश्चिम लंडनमधील चिझिक येथे एक वेगळेच प्रकरण घडत होते. रेल्वेमार्गांच्या मध्ये सापडलेला सुमारे अडीच हेक्टरांचा एक त्रिकोणी तुकडा कित्येक वर्षे दुर्लक्षित पडला होता. कोणी काही न लावता तेथे भूर्ज आणि वाळुंज यांची दाट झाडी वाढली होती. ‘गनर्सबरी ट्रँगल’ या नावाने ओळखली जाणारी ही जागा १९८० नंतर बांधकामासाठी देण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी त्यास हरकत घेतली. अशा हरकती सर्वत्रच घेतल्या जातात आणि बहुधा विफल ठरतात. कारण ‘आम्हांला ही झाडी आवडते’ हे विधान कितीही प्रामाणिक असले, तरी नियोजनाच्या कायद्यापुढे ते पुरावा ठरत नाही. चिझिकच्या रहिवाशांचे म्हणणे तेवढ्यावर थांबले नाही. त्या तुकड्यात कोणत्या वनस्पती, कोणते पक्षी, कोणते कीटक आहेत, हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी आला. १९८३ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि केवळ निसर्गदृष्ट्या असलेल्या महत्त्वामुळे ही जागा बांधकामासाठी देऊ नये, असा निर्णय मिळाला. शहरातील जागेबाबत ब्रिटनमध्ये असा निर्णय होण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. १९८५ मध्ये तेथे निसर्गराखीव क्षेत्र सुरू झाले, म्हणजे ज्या वर्षी कर्टिस उद्यान मिटले त्याच वर्षी.

या दोन उदाहरणांतील भेद श्रमांच्या प्रमाणाचा नाही. कर्टिस उद्यानात अधिक घाम गाळला गेला असणार, कारण तेथे सर्वच नव्याने घडवावयाचे होते. भेद आहे तो त्या श्रमांतून निर्माण झालेल्या ज्ञानाला कायद्यात स्थान मिळण्याचा. स्वयंसेवक एखाद्या जागी आठवड्यामागून आठवडे येतो तेव्हा तो केवळ फावडे चालवीत नाही. यंदा पहिला बेडूक केव्हा दिसला, कोणते फूल दोन वर्षांत उगवले नाही, हे तो टिपतो. कोणत्याही सरकारी पाहणीला एवढे सातत्य परवडत नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या लंडन वाइल्डलाइफ ट्रस्टने १९८४-८५ च्या सुमारास बृहन्-लंडन कौन्सिलसाठी सबंध शहरातील अधिवासांची पाहणी केली, त्यामागील दृष्टीही हीच होती : कोठे काय आहे हे नकाशावर आल्यावर ते पुसून टाकणे अवघड होते.

याच ट्रस्टकडे व्यवस्थापन असलेले किंग्ज क्रॉसमागील कॅमली स्ट्रीट उद्यानही १९८५ मध्येच खुले झाले. रीजंट कालव्याकाठी कोळसा उतरविण्याच्या जुन्या जागेवर, सुमारे दोन एकरांत ते वसले आहे. कौन्सिलने ही भूमी विकत घेतली होती म्हणूनच ते शक्य झाले. ते कौन्सिल १९८६ मध्ये सरकारने बरखास्त केले. उद्यान मात्र टिकले. पुढे त्या दशकाच्या अखेरीस किंग्ज क्रॉस येथील नव्या रेल्वेयोजनांमुळे त्यावर संकट आले असता त्याच्या बाजूने बोलणारा, त्याची खडान्‌खडा माहिती असलेला वर्ग तयार होता. २०२१ मध्ये नव्या निसर्गकेंद्राच्या इमारतीसह ते पुन्हा खुले झाले.

तरीही स्वयंसेवा म्हणजे विनामूल्य व्यवस्था असा समज नगरसंस्थांनी करून घेऊ नये. हत्यारे, विमा, प्रशिक्षण आणि प्रत्येक दिवसाच्या कामाची आखणी करणारा एक तरी पगारी अधिकारी, एवढा खर्च टळत नाही. अधिकाऱ्याचे पद रद्द झाले की पहिल्या काही महिन्यांत फारसे बिघडत नाही. मग तळ्याची एक बाजू बुजते, नोंदवहीत पाने कोरी राहू लागतात आणि येणाऱ्यांची संख्या घटते. शिवाय आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी मोकळे असणारे लोक सर्व थरांतील नसतात. निवृत्त, विद्यार्थी आणि सुस्थित यांचाच भरणा तेथे अधिक असावा, हे स्वाभाविक आहे. ज्या वस्तीत फुरसत कमी, तेथे हरित भूमीही बहुधा कमीच असते. आणि तिच्यावर संकट आल्यास वर्षानुवर्षांची नोंदवही घेऊन चौकशीसमोर उभे राहणारा माणूसही तेथे सहसा सापडत नाही. चिझिकचा निर्णय ज्यांच्या आधारे मिळाला, त्या गोष्टी अशा वस्तीत कोणी व कशा जमवाव्यात, हा प्रश्न लंडनमध्येही पुरता सुटलेला नाही.