काटोलच्या अशनीत नेमकं काय आहे?

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात आभाळातून दगड पडले. अशनी म्हटलं की लोखंडाचा गोळाच डोळ्यांपुढे येतो, पण पडताना पाहिलेल्या अशनींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दगडीच असतात. काटोलचाही त्यांतलाच.

दगडी असला तरी त्यात पृथ्वीवर न मिळणारी खनिजं असणार, हा पुढचा समज. प्रत्यक्षात तो मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरॉक्झिनचा, जोडीला थोडं फेल्डस्पार. आपल्या पायाखालच्या काळ्या कातळातही पायरॉक्झिन आणि फेल्डस्पार भरपूर, क्वचित ऑलिव्हिनही. फरक कळतो तो दगड कापल्यावर. काळं कवच जेमतेम मिलिमीटरभर. आत करडा दगड आणि त्यात चमकणारे निकेलमिश्रित लोखंडाचे कण. सह्याद्रीच्या कातळात असं धातुरूप लोखंड जवळजवळ नसतंच.

काटोलचा वर्ग ‘एल६’. हा काही दर्जाचा शिक्का नव्हे. ‘एल’ म्हणजे एकूण लोह कमी, साधारण २० ते २५ टक्के. त्यातलंही बरंचसं खनिजांत अडकलेलं. ‘एच’ गटात लोह याहून जास्त, ‘एलएल’मध्ये धातू आणखी कमी. ६ हा आकडा सांगतो दगड किती भाजला ते. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी वितळलेल्या थेंबांपासून बनलेले बारीक गोल कण, म्हणजे काँड्र्यूल, प्रकार ३ मध्ये ठसठशीत दिसतात. ६ मध्ये पुसट होतात. ही भाजणी मूळ लघुग्रहाच्या पोटातली. वातावरणातून येताना वितळतं ते फक्त वरचं कवच.

या गटांना शास्त्रज्ञ ‘सर्वसाधारण काँड्राइट’ म्हणतात, म्हणून ते टाकाऊ समजू नयेत. अवकाशातल्या टक्करीच्या दाबाने वितळलेल्या काटोलच्या शिरांत ब्रिजमनाइट सापडलं. ते संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीवर हे खनिज साधारण ६६० किलोमीटरांखाली विपुल आहे, पण तिथवर कुणाचाही ड्रिल पोचलेला नाही.

संशयास्पद दगड सापडलाच तर त्याला लोहचुंबक मात्र लावू नका. दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. जागेचा फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.